कालिंदीकाकीची जांभळी बॅटरी

"मेघना, चश्म्याचो स्क्रू फिरवतत तो बारीक पेचकस हा गो तुझ्याकडे?"

शेजारच्या खोलीतून कालिंदीकाकीची हाक आली तेव्हा मी पोथी मिटून कपाळाला लावत होते. पेचकस घेऊन गेले. काकी जमिनीवर पेपर पसरून बसली होती. समोर बोटाएवढी, खिशात मावेल अशी एक एलईडी बॅटरी, बाजूला सोल्डरिंगची गन तापत ठेवलेली.

"बिघडली?"

"नाय गो. चांगली हा, म्हणून तर मोडतंय."

"कशाला पण?"

"इरावतीसाठी," काकी म्हणाली आणि बॅटरीचं तोंड असं पिळलं, की मला कोंबडीची मान आठवली. मी गुरुवार-एकादशी करणारी बाई, पण आठवली खरी.

काकी मालवणजवळच्या एका वाडीतून लग्न होऊन आमच्या लालबागच्या चाळीत आली. नवरा, भिवाकाका, कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होता. मिल बंद पडली आणि तो माणूस नुसता छताकडे बघत बसायला लागला. मग काकी लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून दिव्यांच्या तोरणांचं काम घरी आणायला लागली. गणपतीला लोकांच्या मखरावर लुकलुकणारी ती तोरणं, त्यातला एकेक दिवा काकीने कुकरच्या शिट्ट्या ऐकत जोडलेला असायचा. बोटांची टोकं भाजून इतकी गुळगुळीत झाली, की रेशनच्या मशीनवर तिचा ठसा उमटत नाही. भिवाकाका गेला, मुलगी बदलापूरला सासरी गेली, आणि काकीला आपलं म्हणायला उरला तो चाळीच्या आवारातल्या दत्ताचा नंदादीप.

औदुंबराखालचं हे देऊळ चार माणसं उभी राहतील एवढंच. गाभाऱ्यातल्या कपाटात तिळाच्या तेलाचा डबा असतो. ज्याला जमेल तो गुरुवारी घरून तेल आणून त्यात ओततो. कपाटाची किल्ली वर्षानुवर्षं काकीच्या कमरेला, फक्त गुरुवारी लोकांना तेल ओतता यावं म्हणून कपाट दिवसभर उघडं. सकाळ-संध्याकाळ दिव्यात तेल घालायचं, वात पुढे सारायची, हे तिने तापातसुद्धा चुकवलं नाही. भिवाकाकाच्या सुतकात किल्ली माझ्याकडे दिली होती, तर रडता रडता भिंतीपलीकडून विचारायची, "वात सारलंस मां गो?"

अशा बाईवर आळ आला.

नवरात्र संपल्यावर डब्यातलं तेल भराभर आटायला लागलं होतं. त्या गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटणं चालू होतं, आणि पहिल्या मजल्यावरच्या इरावतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "कालिंदी, तुझे वडे हल्ली बरे टम्म फुगतात गं. देवाचं तेल मानवलं वाटतं कोंबडीला!"

हसले लोक. अगदी खो खो नाही, पण हसले. इरावतीबाईंचा मुलगा अवधूत चाळ कमिटीचा सेक्रेटरी. तो पुढे आला. "काकी, राग मानू नका. किल्ली थोडे दिवस आईकडे राहू दे. लोक बोलतात ना."

काकीने कमरेची किल्ली सोडली आणि हातात न देता पायरीवर ठेवली. इरावतीबाईंना ती वाकून उचलावी लागली.

वर आल्यावर काकी बोलली. "तेल तीच नेता."

"काकी, पाहिलंस का तू?"

"बघूक कित्याक व्हया? चोर नसती तर किल्ली घेवची एवढी घाय नसती केल्यान."

त्या दिवसापासून काकीने देवळात पाऊल टाकलं नाही. नाव साफ झाल्याशिवाय दत्ताला तोंड दाखवायचं नाही, असा पणच केला. पायरीखालून नमस्कार करायची. हात जोडलेले, ओठ हलताहेत, आणि डोळे इरावतीबाईंच्या पाठीवर.

बॅटरीची कल्पना तिला किराणावाल्याकडे सुचली. त्याच्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. काकीने त्याखाली नोट धरली, तर तिची बोटंच पोपटी चमकली. "मौसी, हल्दी है, हल्दी," दुकानदार हसला. काकी हसली नाही. ती तशीच लोहार चाळीत गेली आणि फुटपाथवरून ही बारकी बॅटरी आणि जांभळ्या उजेडाचे चार सुटे एलईडी घेऊन आली.

आता ती मला दाखवत होती. पुढची चकती काढली, चकचकीत वाटी काढली, आतला पांढरा एलईडी गन लावून उचलला. जांभळा बसवताना पहिला उलटा लागला, पेटलाच नाही. दुसरा पेटला. पण बटण दाबलं की आधी मोठा उजेड, मग बारीक, मग डिस्कोसारखी लुकलुक.

"ह्या नको. नाच बघूचो नाय माका." तिने आतली टिकलीएवढी सर्किटची चकती उपटून टाकली आणि तोरणांच्या डब्यातला एक रेझिस्टर सरळ जोडून दिला. आता दाबलं की पेटणार, सोडलं की विझणार, दुसरी भानगड नाही. तरी उजेड फार पसरायचा. भिंतीवर टाकला की सगळंच जांभळं दिसे. मग तिने खोकल्याच्या औषधाचं काळं झाकण कापून त्याची नळी पुढे बसवली, वाटीला आतून काजळ फासलं. उजेड बारीक झाला, सुईसारखा.

हळद तेलात टाकली तर गाळ खाली बसायचा. म्हणून काकीने तिळाचं तेल गरम करून त्यात हळद टाकली आणि मलमलच्या फडक्यातून गाळली. तेल मुळात पिवळंच, साध्या डोळ्यांना काही कळेना. वाटीवर बॅटरी मारली आणि मी "अगं बाई!" म्हणून मागे सरकले. वाटीत जणू पोपट बुडाला होता.

"हे देवाच्या डब्यात घालायचं?" मी वाटी दूर सारली. "भेसळ ना ही?"

"हळद देवाक चालत नाय? उलट चढता. तू ओतून ये गुरुवारी. माजा तेल ती घेवची नाय."

मी ओतून आले. ओतताना दत्ताची माफी मागितली, आणि इरावतीबाई पकडल्या जाऊ देत, हेही मागितलं. एकाच दमात.

पुढच्या गुरुवारी आरती झाली, काळोख पडत होता. इरावतीबाई पायरीवर उभ्या राहून प्रसाद देत होत्या. काकी खालून पुढे झाली आणि त्यांच्या हातावर बॅटरी मारली. बोटं पोपटी! नखांच्या कडेने तर लख्ख.

"बघा! ह्या बॅटरीत चोराचो हात चकाकता!"

तळमजल्यावरच्या रमाबाईंनी सहज आपला हात पुढे केला. तोही पोपटी. मग कोणी कोणी उजेडात हात घालायला लागलं. दुपारी लोणच्याच्या लिंबांना हळद-मीठ लावलेलं, सकाळी डाळीला फोडणी दिलेली, सगळ्यांचे हात चमकत होते. माझेही. आणि बॅटरी धरलेली काकीची बोटं तर सगळ्यांत जास्त.

"अगं बाई, सगळी चाळच चोर!" इरावतीबाई म्हणाल्या. "आणि ही त्यांची मुकादम!"

यावेळी खो खो हसले लोक. कोणीतरी म्हणालं, "काकी, जत्रेत लावा ही बॅटरी, चालेल."

चूक कुठे झाली ते आम्हांला घरी आल्यावर उमगलं. लालबागमध्ये हळदीचा हात शोधत होतो आम्ही! जिथे गल्लीत शिरलं की डंकावर कुटल्या जाणाऱ्या मसाल्याने माणूस शिंकतो.

मला वाटलं, काकी आता बॅटरी फेकून देईल. ती बॅटरी हातात घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

"हळदीचा कोणी सांगितलंय?" तिने विचारलं.

"कोणीच नाही. तू नुसतं चोराचा हात म्हणालीस."

"मगे बरा झाला. येडी समाजतली माका. तेल नेतच रवतली." मग माझ्या डोक्याकडे बघत राहिली. "मेघना, हळद खंय लागणा नाय?"

मला कळलं. इरावतीबाईंचे केस! या वयात कमरेपर्यंत वेणी, काळीभोर. चाळीतल्या बायका तेल कुठलं म्हणून विचारायच्या आणि त्या हसून सांगायच्या, "माहेरची देणगी गं."

काकीने माझ्यावरच परीक्षा घेतली. माझ्या डोक्याला एका बाजूला खोबरेल, मध्ये साधं तिळाचं तेल, दुसऱ्या बाजूला हळदीचं. खोबरेलाने काही नाही, साध्या तिळाने काही नाही. धुण्याच्या पावडरीमुळे माझा ब्लाउज मात्र निळा भगभगला. हळदीच्या बाजूला भांगाची कातडी अशी पेटली, की काकीने आरसा धरून मला दाखवलं. मला ते काढायला दोनदा न्हावं लागलं.

डब्यात मी पुन्हा हळदीचं तेल ओतून आले आणि दत्तजयंती आली.

त्या दिवशी देवळासमोर मांडव असतो, पाळणा मांडवात. जन्म झाला की ट्यूबलाइटी बंद करायच्या आणि नुसत्या नंदादीपाच्या उजेडात बायकांनी पाळण्यापुढे ओळीने डोकं टेकायचं, ही आमच्या चाळीची जुनी पद्धत. मांडवात यायला काकीने केलेला पण आड येत नव्हता. मला एकच धाकधूक, सणाची न्हाऊन आलेली बाई, तेल धुऊन गेलं तर? पण दुपारी गॅलरीतून बघितलं, इरावतीबाई केस वाळवून वाटीतलं तेल भांगात मुरवत होत्या. मी काकीला कोपराने ढोसलं. काकीने नुसता पदर खोचला.

पाळणा हलला, दिवे गेले, आम्ही सगळ्या वाकलो. काकी उभीच राहिली, आणि मी वाकूनच मान तिरकी करून बघत होते. तिने मागच्या ओळीच्या टोकापासून बॅटरी सुरू केली. एकेक डोकं, काळं. माझ्या डोक्यावरून उजेड न थांबता पुढे गेला. रमाबाईंचं पांढरं, नुसतं निळसर. आणि पुढच्या रांगेत मधोमध, कपाळापासून टाळूपर्यंत एक पोपटी रेघ, जशी कोणी खडूने ओढली.

"अवधूत," काकीने हाक मारली. आवाज चढवला नाही. "हकडे ये. तुज्या आवशीचो भांग बघ."

मग तिने तेल, हळद, फडकं, सगळं सांगितलं. अवधूतचा विश्वास बसेना. त्याने बॅटरी स्वतः घेतली, बायकांना विनंती करून प्रत्येकीचं डोकं पुन्हा बघितलं, गाभाऱ्यातला डबा आणून त्यावर मारली, शेवटी आईच्या डोक्यावर धरली.

"आई?"

इरावतीबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "चमचाभर घेतलं तर देवाला काय कमी पडतं रे? गळतात माझे केस."

"आणि माज्या कोंबडी-वड्यांचा काय?" काकीने विचारलं.

हसलं कोणी नाही. इरावतीबाईंनी सगळ्यांसमोर माफी मागितली. अवधूतने किल्ली काकीच्या हातात दिली. काकी पायऱ्या चढून आत गेली, दिव्यात तेल घातलं, वात सारली, आणि इतका वेळ डोकं टेकून राहिली की मला रडू आलं. वाटलं, मिटलं एकदाचं.

कुठलं मिटतंय! पुढच्या बुधवारी, बायका गॅलरीत गहू निवडत बसल्या असताना काकी पहिल्या मजल्यावर गेली, इरावतीबाईंच्या उंबऱ्यावर तिळाच्या तेलाची बाटली ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "इरावती, केसांक तेल ठेवलंय गो! देवाचा नाय, माज्या घरचा."

तेव्हापासून दर बुधवारी बाटली. घेतली तर सगळ्यांना दिसतं, नाही घेतली तर दिवसभर दारात उभी. इरावतीबाई आता डोक्यावरून पदर घेऊन मागच्या जिन्याने जा-ये करतात. अवधूत वर येऊन हात जोडून गेला.

"काकी, आईने माफी मागितली ना?"

"मागल्यान. मी दिलंय खंय?"

मीही सांगून पाहिलं. दत्तमहाराज क्षमा करायला शिकवतात, म्हटलं. काकी म्हणाली, "ते देव. तेंका जमता."

काल संध्याकाळी मी तिच्याबरोबर देवळात होते. वात सारून ती डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत होती. चेहऱ्यावर इतकी शांती, की राहवलं नाही.

"काय मागतेस गं रोज एवढं?"

"आयुष्य."

"तुला?"

"माका कित्याक? इरावतीक. शंभर वर्षां जगांदे. माका घाय नाय."