रत्नाअक्कांच्या कानातला आवाज

दोंडाईच्याचं टेलिफोन एक्स्चेंज हातानं लाइन जोडून चालायचं, त्या काळात रत्नाबाईंच्या कानांची गावभर ख्याती होती. ऑपरेटर म्हणून लागल्या तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. मिरचीचे व्यापारी सुरतेला ट्रंक कॉल लावायचे आणि पलीकडचं बोलणं खरखरीत बुडून गेलं, की रत्नाबाई मधल्या मध्ये ते पकडून इकडच्याला सांगायच्या. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायच्या. पुढे यंत्रं आली, ऑपरेटरची खुर्ची गेली, त्या टेबलावरच्या कामाला लागल्या आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या. तोवर सगळ्यांच्या त्या रत्नाअक्का झाल्या होत्या.

जन्मभर दुसऱ्यांची बोलणी ऐकली, आता फक्त गाणं ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या मोनालीनं, त्यांच्या मुलीनं, घरी अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आणून बसवले. टीव्हीचा आवाजही त्यातूनच येईल अशी वायर जोडून दिली. दुपारची जेवणं उरकली, नवरा प्रेमराज मळ्याकडे गेला, की अक्का पंखा बारीक करायच्या आणि खुर्चीत डोळे मिटून बसायच्या. त्यांना ख्याल आवडायचा. गाणारा सूर लावायच्या आधी नुसता तंबोरा वाजत असतो, ते दोन-चार क्षण तर फारच.

त्या तंबोऱ्यामागेच त्यांना एके दिवशी दुसरा सूर ऐकू आला. जाड, एकसारखा, बेसूर. घूंऽऽ. गाणं बंद केलं तरी तो चालूच. स्वयंपाकघरात गेल्या, तिथेही होता.

अक्कांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. कानात भुंगा शिरलाय म्हणता म्हणता चार वर्षांत आई ठार बहिरी झाली. लग्नाकार्यात ती कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघून हसायची; कोण काय म्हणतंय याचा तिला पत्ता नसायचा. ते हसू अक्कांना आठवलं.

त्यांनी प्रेमराजला विचारलं. त्याची हयात कापसाच्या जिनिंग मिलच्या धडधडाटात गेलेली. त्यानं मान कलती करून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, “माले ते काहीच ऐकू येत नही.”

म्हणजे आवाज आपल्याच कानात. तरी खात्री करायला त्या लाइट जायची वाट बघत बसल्या. उन्हाळ्याचे दिवस, वाट फार बघावी लागली नाही. लाइट गेली, इन्व्हर्टरवर पंखा फिरू लागला, आणि आवाज थांबायचा सोडून उलट जास्तच कर्कश झाला. अक्कांनी मनाशी निकाल लावून टाकला.

पुढचे दोन महिने त्यांनी गाणं लावलं नाही. मोनालीचा फोन आला की दोन शब्द बोलून प्रेमराजच्या हातात द्यायच्या. भडगावला भाचीचं लग्न होतं, तिथे गुडघ्याचं निमित्त सांगून गेल्या नाहीत. प्रेमराज मुळातला अबोल, पण हे त्याला बघवेना. त्यानं शेजाऱ्याकडून धुळ्याच्या कानाच्या दवाखान्याचा नंबर मिळवला, दिवस ठरवला आणि सकाळच्या एसटीत बायकोला बसवून घेऊन गेला.

दवाखान्यात तपासणीसाठी काचेच्या खिडकीची एक लहानशी खोली होती. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या. तिथल्या बाईंनी अक्कांना आत बसवलं, कानाला हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

दार लागलं आणि अक्का दचकल्या. आत काहीच नव्हतं. भुंगा नाही, घूं नाही, कसलाच आवाज नाही. चाळीस वर्षांपूर्वी दोन ट्रंक कॉलच्या मध्ये लाइन मोकळी असायची, तेव्हासारखं शांत. त्या इतक्या गुंगल्या की पहिली शिट्टी वाजली तरी बटण दाबायचं राहून गेलं. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तपासणी झाल्यावर बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. वयाच्या मानानं कान उत्तम होते. घरातला आवाज कानातला नाही, घरातलाच असणार, असंही त्या म्हणाल्या. अक्कांनी तो कागद परतीच्या वाटेवर तीन वेळा उघडून पाहिला. एसटी स्टँडवर त्यांनी स्वतःहून उसाचा रस मागितला. प्रेमराजनं लगेच दोन मोठे ग्लास सांगितले.

घरी आल्या आल्या, पायही न धुता, अक्का बैठकीच्या मध्यावर उभ्या राहिल्या. आवाज होताच. पण आता भीती नव्हती, त्यामुळे तो कुठून येतोय हे कळायला वेळ लागला नाही. स्पीकर. गाणं त्या रिमोटनं थांबवायच्या, पण अँप्लिफायरचं मुख्य बटण कपाटामागे असल्यानं तो चोवीस तास चालूच असायचा. आणि लाइट गेली की पंख्याबरोबर त्यालाही इन्व्हर्टर वीज पुरवत होता. एवढी साधी गोष्ट घाबरल्यामुळे सुचली नव्हती.

त्यांनी अँप्लिफायरच्या लोखंडी डब्यावर तळहात टेकवला. बोटांना बारीक मुंग्या आल्या आणि आवाज एकदम निम्म्यावर आला. हात काढला, पुन्हा वाढला. तेव्हा मात्र अक्का मोठ्यानं हसल्या. एक्स्चेंजमधले मोतीलाल लाइनमन त्यांना आठवले. लाइन घुमायला लागली की ते म्हणायचे, आधी अर्थिंग बघा. आणि भर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे.

अक्कांनी बटण बंद करून वायरमन चिंधाभाऊला बोलावलं. त्यानं वायर तपासल्या आणि सोपा उपाय सांगितला: तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा बसवू, आवाज कमी होईल. अक्कांनी साफ नकार दिला. डब्याला हात लावला तर मुंग्या येतात. ती तिसरी पिनच काढली तर उद्या कोणाला झटका बसेल. घराचं अर्थिंग कुठे आहे ते आधी दाखव, म्हणाल्या.

चिंधा मागच्या अंगणात गेला. मोरीजवळ फाल्गुनात नवी फरशी बसवली होती. कडेची एक फरशी उचकटून त्यानं खाली बघितलं आणि ओशाळून म्हणाला, “अक्का, फरशीवालानी वायरच तोडी टाकेल शे. बठ्ठं घर अर्थिंग बिगर चाली ऱ्हायनं.”

“सगळ्या घराला अर्थिंगच नाही, म्हणून घुमत होतं ते,” अक्का म्हणाल्या. “मी उगाच माझ्या कानांना बोल लावत बसले.”

दुसऱ्या दिवशी चिंधानं फरशीबाहेर नवा खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ भरून पट्टी पुरली, तिथून बोर्डापर्यंत नवी वायर ओढली. आवाज बहुतेक गेला. थोडीशी कुरकुर उरली, ती टीव्हीच्या डब्यातून अँप्लिफायरला येणारी वायर काढली की जायची. केबलच्या तारेतून ती घरात शिरत होती. प्रेमराजला तर टीव्ही मोठ्यानं लागायचा, त्यामुळे वायर काढून चालणार नव्हतं. चिंधानं धुळ्याहून ती कुरकुर अडवणारी एक काडेपेटीएवढी डबी आणून त्या वायरमध्ये बसवली आणि तेही मिटलं. इन्व्हर्टरची वायर स्पीकरच्या वायरीला चिकटून गेली होती, ती त्यानं जाता जाता भिंतीच्या दुसऱ्या कडेला वळवली.

संध्याकाळी अक्कांनी मोनालीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग मोनाली म्हणाली, “आई, मला वाटलं होतं तू माझ्यावर रागावली आहेस. म्हणून बोलत नाहीस.”

अक्कांनी लेकीला येत्या रविवारी बोलावून घेतलं, काय काय करून ठेवू विचारलं, पाऊण तास बोलल्या. फोन ठेवल्यावर भडगावच्या भाचीला लावला. लग्नाला न आल्याबद्दल आधी तिची समजूत काढली, मग सासरची सगळी हालहवाल विचारून घेतली. तोवर प्रेमराजनं स्वतःच चहा टाकला होता.