कुलूपवाले मामा

नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या कारखान्यात सावळीरामच्या तपासणीतून गेलेला माल पुन्हा कुणी उलटून बघत नसे. साहेब खूश. घरी मात्र हाच गुण बायकोच्या, मालनबाईंच्या, जिवावर उठला होता. बाहेर पडायचं म्हटलं की याचं सुरू. गॅस बघ, नळ बघ, मग कुलूप ओढ. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत शंका हजर! ओढलं खरं, पण नीट लागलं होतं का? आणि गॅस राहिला असेल तर शेजारच्या भागुबाईंचं घर पेटेल, पाप आपल्या माथी. की निघाली स्वारी परत. लोक हसत, तोही हसे. पण हा वेडेपणा आहे हे कळूनही पाय वळतातच, हे दुःख त्याचं त्यालाच ठाऊक.

थोरल्या भाचीच्या लग्नात याच पायांनी घात केला. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं, आणि मामा इकडे नाशकात कुलूप ओढत बसलेला. शेवटी चुलतमामानं वेळ निभावली. उशिरा पोचलेल्या भावाला बहीण सरितानं आधी जेवायला वाढलं, तेच त्याला जास्त लागलं. मग तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, कुलूप एकदाच ओढायचं. शंका आली तर येऊ द्यायची, मागे फिरायचं नाही.

आज धाकट्या प्रतिभाचं लग्न, कळवणला. फेटा बांधून सावळीरामनं कुलूप लावलं. एकदाच ओढायचं, म्हणून सगळा जीव एकवटून ओढलं. कडी-कोयंड्यासकट कुलूप हातात आलं!

"झालं मनासारखं?" मालनबाई म्हणाल्या.

सुतार बोलवावा तर मुहूर्त टळणार. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. सावळीरामनं दार नुसतं ओढून घेतलं, कुलूप खिशात कोंबलं.

"चला."

"अहो, घर उघडं टाकून?"

"काय जायचं ते जाऊ दे. पोरगी खोळंबेल."

प्रतिभाचा हात धरून तो बोहल्याशी आला, तेव्हा सरितानं डोळे पुसले. तरी तिच्या मनात धाकधूक होतीच. ती त्याच्या कानाशी लागली, "दादा, कुलूप लावलंय ना? नायतर निम्म्यातून पळशील."

"नाही लावलं."

"नक्की?"

"अगदी नक्की," सावळीराम म्हणाला. कुलपाबद्दल इतक्या ठामपणे तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. त्याचं त्यालाच हसू आलं, आणि त्यानं अक्षतांसाठी हात पुढे केला.