देवघरात सापडलेली कादंबरी

ती केस आठवली की मला आजही हसू फुटतं. लातूर जिल्हा नवा, रेणापूरकडचं आमचं ठाणं नवं, दुष्काळ तेवढा जुना. एका सकाळी शेजारच्या गावचे गुरुजी माणसं घेऊन ठाण्यात हजर. तक्रार काय, तर कादंबरी चोरीला गेली!

"साहेब, पोथी अपुरी राहिली की वो," एक म्हातारी रडकुंडीला आली होती.

गुरुजी रोज संध्याकाळी देवळात एक जुनी कादंबरी वाचून दाखवायचे. गावानं ती लाल कपड्यात बांधून, हळदीकुंकू वाहून तिची पोथीच करून टाकली होती. कादंबरीतली गोष्ट कोर्टापर्यंत आली होती. जमीनदाराच्या तळ्यावर घागर भरली म्हणून एका बाईवर खटला. साक्षीदार घागरीबद्दल बोलतात, तिच्या तहानेबद्दल कुणीच नाही. त्या संध्याकाळी निकाल वाचायचा, आणि सकाळीच पुस्तक गायब!

स्टेशन डायरीला नोंद करून मी गावात गेलो. तिथं टँकर आडात रिकामा व्हायचा. वरच्या आळीच्या बाया पाणी शेंदायच्या. खालच्या आळीच्या बायांनी मात्र लांब उभं राहायचं, कुणी ओतलं तर घ्यायचं. कादंबरीतला खटला या गावाला एवढा का झोंबला, ते मला तिथंच कळलं.

चहावाले आप्पा हळूच म्हणाले, "कोर्ट वाचाया घेतलं तवापासून पोलीस पाटलाचं बिनसलंय, साहेब. खालच्या बाया आता आडावरच्या हक्काचं बोलायल्यात ना."

पाटलांना घरीच गाठलं. "मला काय म्हाईत?" गडी पक्का होता. पण भाविकही होता. हळदीकुंकवाची वस्तू असा माणूस कडब्यात टाकणार नाही, गादीखालीही ठेवणार नाही. मी बूट काढले. "पाटील, तुमच्या देवाला हात जोडून येतो."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. देवघरात महादेवाशेजारी लाल कपडा, वर ताजं फूल! मुद्देमालाची पूजा करणारा आरोपी मी दुसरा पाहिला नाही.

"का हो असं?"

"बाई सुटली तर उद्या समद्या आडावर येतील, साहेब. मग गाव मला धरंल."

गुरुजींनी तक्रार मागे घेतली, अट एकच, पाटलांनी समोर बसून ऐकायचं. संध्याकाळी निकाल वाचला. बाईला शिक्षा झाली. मग वरच्या आळीची तीच म्हातारी कडाडली, "पाणी घेतलं तिला शिक्षा, आन् बघत बसले त्यांना काईच न्हाई? मी बी रोज बघतच बसती की!"

मी रात्री गावातच थांबलो होतो. सकाळी खालच्या आळीतल्या एका बाईनं आडाचा दोर धरला. पाटील पुढं झाले. मीही लगबगीनं आडाकडं सरकलो.

"घट्ट धर गं," ते म्हणाले, "बादली पडली तर मलाच उतरावं लागंल!"

सगळा आड हसला. मला तर त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

पुढं नोकरीभर जबाब घेताना मी प्रत्येक साक्षीदाराला एक प्रश्न जास्तीचा विचारला: हे सगळं चाललं होतं, तेव्हा तुम्ही काय करत होता?