माझ्या सहीचा नॉर्मल रिपोर्ट

'नॉर्मल' असं लिहून मी सही ठोकली, तेव्हा शीला गजभिये अजून टेबलावरच होती. सिस्टर तिच्या छातीवरची जेली पुसत होती. पडद्याबाहेर तिची सासू अनसूयाबाई आणि नवरा दयाराम उभे होते. मी पडदा सारला आणि ऐटीत सांगितलं, "हृदय एकदम चांगलं आहे. काळजीचं काही कारण नाही."

ती ऐट मला सहा दिवस पुरली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी हृदयरोग विभागात लेक्चरर होतो. विभागात नुकतंच इको मशीन आलं होतं आणि ते माझ्या घरचं असल्यासारखा मी वागत होतो. इको म्हणजे आवाजाच्या लहरींनी हृदय पाहणं. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज छातीतून आत सोडायचा. तो आतल्या भिंतींवर आणि झडपांवर आपटून परत येतो आणि त्याच्या रेघा कागदाच्या लांब पट्टीवर उमटतात. आज स्क्रीनवर हृदय हलताना दिसतं, तसलं काही नव्हतं. नुसत्या रेघा. हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये एक झडप असते, मायट्रल व्हॉल्व्ह. ती उघडमीट करताना इंग्रजी एम अक्षरासारखी रेघ काढते. त्या एमच्या आकारावरून आम्ही आत काय चाललंय ते ओळखायचो.

मशीनला गेन नावाचं एक बटण होतं. रेडिओचा आवाज वाढवावा तसं ते फिरवलं की आतून येणारे क्षीण आवाजही कागदावर उमटत. जास्त फिरवलं की नको ती खरखरही उमटे. आमचे विभागप्रमुख हरकरे सर यांना ही खरखर बिलकुल खपत नसे. पट्टीवर काळे ठिपके दिसले की ती परत येई. "डॉक्टर, ही पट्टी आहे की अंगण? झाडून आणा." मग मी गेन कमी करी. हळूहळू माझा हात असा बसला की माझ्या पट्ट्या सर दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरांना बोलावून दाखवू लागले. खोटं कशाला सांगू, मला त्याची फार गुर्मी चढली होती.

शीला अठ्ठावीस वर्षांची होती. नागपुरातल्या नंदनवन भागात राहायची आणि कॉर्पोरेशनच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. एके दिवशी फळ्यावर 'कमळ' लिहिताना तिच्या हातातून खडू पडला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द घशात अडकले. म्हणजे लकवा. मेंदूला रक्त नेणारी एखादी नळी बुजली की असं होतं. दोन-तीन दिवसांत हात बराचसा सुधारला आणि बोलणंही मोकळं झालं. पण अठ्ठावीस वर्षांच्या बाईला लकवा का व्हावा, हे कोणालाच सांगता येईना. बीपी नाही, शुगर नाही. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं, तेही स्वच्छ. मेंदूचा सीटी स्कॅन आमच्याकडे तेव्हा नव्हता. अंगात बारीक ताप होता, वजन उतरलं होतं आणि रक्तातला ईएसआर वाढलेला होता. शरीरात कुठेतरी काहीतरी धुमसतंय एवढंच ईएसआर सांगतो, कुठे ते सांगत नाही. आमच्याकडे ईएसआर वाढला की सगळ्यांच्या तोंडी आधी टीबीचं नाव येई. तसंच आलं.

मेडिसिनच्या डॉक्टरांनी मात्र एक शहाणपणाचा प्रश्न विचारला होता. हृदयात रक्ताची गुठळी होऊन तीच मेंदूकडे गेली नसेल ना? त्याचं उत्तर द्यायला तिला माझ्याकडे पाठवलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं: नॉर्मल. हृदयाचा विषय तिथेच मिटला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

माझ्या रिपोर्टनंतर सातव्या दिवशी डिस्चार्जचा कागद तयार होता. घरी जायचं म्हणून शीला कॉटवर उठून बसली, वाकून चपला शोधल्या, वर झाली आणि तशीच आडवी पडली. या वेळी हात तर गेलाच, पण बोलणं पार गेलं. सगळं समजत होतं, डोळ्यांत ते दिसत होतं, पण तोंडातून फक्त "अं" निघे.

मी वॉर्डात गेलो तो खरं तर माझा रिपोर्ट सांभाळायला. हृदयाचा संबंध नाही, हे मी मनाशी घोकतच होतो. स्टेथोस्कोप लावून बघितलं. नेहमीचे दोन ठोके, बाकी काही नाही. अनसूयाबाई कॉटच्या उशाशी उभी होती. पांढरं लुगडं नेसलेली, शांत. मी निघालो तशी ती म्हणाली, "साहेब, एक सांगू का? रागावू नोका."

"बोला ना, आई."

"तुम्ही सारेच इले निजवून पाहता. निजल्यावर इले काहीच होत नाही. वाकून उठली का होते."

"काय होतं?"

"विहारात वंदनेले तीनदा डोकं टेकवा लागते ना. तिसऱ्या खेपेले उठली का ही गपकन् खाली बसते. दम लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते. उन्हाळ्यापासून पाहून राहिली मी."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"कोणी इचारलंच नाही. आज बी चपला पाहाले वाकली अन् उठली, तवाच पडली."

मी थांबलो. बसल्या-उठल्यावर बदलणारा आजार म्हणजे आत काहीतरी हलणारं, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. सिस्टरच्या मदतीनं शीलाला टेकवून बसतं केलं आणि परत स्टेथोस्कोप लावला. दुसऱ्या ठोक्याच्या मागोमाग एक जाडसर, दबका आवाज आला. ओली गादी पडावी तसा. आडवं केलं की नाहीसा, बसवलं की हजर.

स्ट्रेचरवरून तिला लगेच इकोच्या खोलीत आणलं. या वेळी मी गेन कमी केला नाही, उलट वाढवला. पट्टी घाण यायला लागली. आणि त्या घाणीत, एमच्या रेघेच्या मागे, प्रत्येक ठोक्याला एक ढग उमटत होता. झडप उघडली की आत यायचा, मिटली की जायचा. खरखर अशी ठोक्याबरोबर शिस्तीत येत-जात नाही. हा मायक्झोमा होता. हृदयाच्या वरच्या कप्प्यात देठाला लोंबणारा जेलीसारखा मऊ गोळा. कॅन्सर नव्हे, पण स्वभावानं वाईट. बसल्यावर तो खाली घसरून झडपेच्या तोंडात बसतो, मग अंधारी येते. आणि त्याचा एखादा तुकडा सुटला की रक्ताबरोबर थेट मेंदूत. पुढचा तुकडा कधी सुटेल याचा भरवसा नव्हता, आणि तो सुटला तर ती वाचेल याचाही.

मग मी न राहवून जुनी पट्टी काढली. सुरुवातीच्या चार ठोक्यांत तो ढग होता. फिकट, पण होता. पाचव्या ठोक्याला मी गेन कमी केला होता. तिथून पुढे पट्टी चकचकीत.

म्हणजे मशीननं दाखवलं होतं, आणि मी ते झाडून टाकलं होतं. मला इतकी लाज वाटली की थोडा वेळ खोलीबाहेर पडायची हिंमत होईना.

दोन्ही पट्ट्या घेऊन सरांकडे गेलो.

"सर, गजभियेला मायक्झोमा आहे."

"मागचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना?"

"तो चुकला. मी गेन कमी केला होता."

सरांनी चष्मा वर करून दोन्ही पट्ट्या पाहिल्या. मला वाटलं, आता आपली धडगत नाही.

"झाडून आणायला मीच सांगत होतो," ते म्हणाले. "मुंबईला मी फोन लावतो. ऑपरेशन तिथेच होईल. नातेवाइकांना तुम्ही सांगा."

"काय सांगू, सर?"

"झालं ते."

दयाराम इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला होता. एरवी गरीब, मान खाली घालून बोलणारा माणूस. मी सांगायला लागलो तसा तो ताडकन उठला.

"मांगच्या बुधवारी तुम्हीच म्हटलं ना साहेब, हृदय एकदम चांगलं आहे म्हणून? अन् आज म्हणता, छाती फाडा लागते?"

"हो."

"मंग कोणत्या दिवसाचं खरं मानू मी? नाही करत ऑपरेशन. घरी घेऊन जातो इले."

त्याचं काय चुकलं होतं? मी त्याच्या जागी असतो तर डॉक्टरची कॉलरच धरली असती. पण ती घरी गेली असती तर आठ-पंधरा दिवसांत संपली असती, हेही तितकंच खरं होतं.

"थांब गा दया," अनसूयाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "साहेब, खरं सांगजा. त्या दिवशी मशीन चुकली का तुम्ही चुकले?"

मशीनवर ढकलणं फार सोपं होतं. मशीन नवीन, परदेशी, कुणाला काय कळणार! शब्द अगदी जिभेवर आला होता.

"मी चुकलो, आई. मशीननं दाखवलं होतं. मीच पुसलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, माफीही नव्हती.

"मशीन चुकली असती तं आज बी चुकलीच असती," ती म्हणाली. "माणूस चुकला तं त्याले याद राहते. दया, जाय, इच्या भावाले बोलाव. मुंबईले जाचं आहे."

दुसऱ्या दिवशी शीलाला स्ट्रेचरवरून गाडीत चढवलं. वाटेत बसवायचं नाही, आडवंच ठेवायचं, हे मी दयारामला चार-चारदा बजावलं. तो माझ्याकडे न बघता मान हलवत होता. पत्राला मी दोन्ही पट्ट्या टाचल्या. स्वच्छ पट्टी काढून टाकावी असं एकदा मनात आलं होतं. नाही काढली.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. सर्जनच्या पत्रात लिहिलं होतं की गोळा चिकूएवढा होता आणि हात लावताच त्याचे तुकडे पडत होते. शीला वाचली. हातात बळ आलं. बोलणं परत यायला मात्र वर्ष लागलं आणि तेही पूर्ण आलं नाही. एकेक शब्द शोधून, जोडून ती बोलते. पहिला लकवा आजारानं दिला होता. दुसरा माझा. हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानतो.

ती शाळेत परत रुजू झाली. वर्ग कसा सांभाळणार, असं मी अनसूयाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "पहिलीच्या पोट्ट्यांले तसंबी हळूहळूच सांगा लागते."

वर्षभरानं शीला तपासणीला आली. मी निजवून पाहिलं, बसवून पाहिलं, गेन वाढवून पाहिलं. आत काही नव्हतं. असा गोळा पुन्हा वाढण्याची भीती असते, पण वाढला नव्हता. मला खरंच आनंद झाला. म्हटलं, "शीलाबाई, सगळं नॉर्मल आहे."

ती टेबलावरून उठली नाही. माझ्याकडे बघत तिनं शब्द शोधला, मग दुसरा शोधला.

"पुन्हा... पाहा."

सिस्टर हसली. शीला हसली नाही. मीही हसलो नाही. मी जेली लावली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा पाहिलं. नॉर्मलच होतं. तेव्हा कुठे ती उठली.

सेकंड ओपिनियन दुसऱ्या डॉक्टरकडून घ्यायचं असतं, अशी आमच्याकडे रीत आहे. ते पहिल्याच डॉक्टरकडूनही मागता येतं, हे मला तिनं दोन शब्दांत शिकवलं.