फॉर्मवरचा हर्पिस

मेंदूत हर्पिसचा विषाणू शिरून गेलेल्या माणसांचं पुढं काय होतं, याचा अभ्यास आमच्या विभागात चालला होता. घरोघर जाऊन प्रश्न विचारणं हे माझं काम. दर तीन महिन्यांनी तोच तक्ता, तीच एसटी. वर्षभरात माझं मन त्यातनं उठलं होतं, नुसते पाय जात होते.

कबनूरला एक यंत्रमाग चालवणारा होता, चाळिशीतला. आधी ताप आला, मग असंबद्ध बडबड. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी लागलंय. अंगारे लावण्यात दोन दिवस गेले. झटके आले तेव्हा कोल्हापूरला आणलं. पाठीतलं पाणी तपासून निदान झालं, तीन आठवडे शिरेतून औषध दिलं. माणूस वाचला, पण नवीन काही डोक्यात टिकेना. लग्नातली पंगत त्याला आठवायची, सकाळचा चहा आठवायचा नाही.

मी त्याला तीन शब्द सांगायची. आंबा, खुर्ची, नदी. पाच मिनिटांनी परत विचारायची. तो ओशाळून हसायचा आणि बायकोला विचारायचा, "पावणं कुठलं म्हणायचं?"

चौथ्या खेपेला बायकोनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

"ताई, आता येऊ नगा."

"का? काय झालं?"

"तुमच्या कागदावर रोगाचं नाव हाय न्हवं, ते माझ्या भावानं मोबाईलवर बघितलं. बाहेरख्याली माणसांचा रोग हाय म्हणं. भाऊ म्हणतोय, चल माहेरला. आणि ह्यास्नी इचारावं, तर ह्यास्नी कालचंबी ध्यानात न्हाय."

मी उंबऱ्यावरच बसले. आत तो कॉटवर बसून आमच्याकडं बघत होता. मी तिला हळू आवाजात सांगितलं, की या विषाणूच्या दोन जाती आहेत. भावानं वाचलं ते बहुतेक दुसऱ्या जातीचं. ह्यांना बाधली ती पहिली, ती बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरते, कुणीतरी लाडानं पापा घेतल्यावरसुद्धा. तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात, ते तिचेच. मलाही येतात. क्वचित कुणाच्या तरी मेंदूपर्यंत ती पोचते. त्याच्याच का, दुसऱ्याच्या का नाही, हे अजून नीट कळलेलं नाही.

ती म्हणाली, "हे सही घेतानाच का न्हाय सांगितलं?"

सगळं अभ्यासाच्या संमतीपत्रात, दुसऱ्या पानावर छापलेलं होतं. सही घेतली त्या दिवशी अजून चार पेशंट राहिले होते आणि ती रडत होती. मी पान उलटून सहीच्या जागेवर बोट ठेवलं होतं.

"घाईत होते," मी म्हणाले. "माझं चुकलं."

"दोन महिनं ह्यांचं ताट येगळं ठेवलंय मी. रोज इचारत्यात, माझं ताट येगळं का? रोज नव्यानं इचारत्यात."



दुसऱ्या दिवशी मी विभागातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी भावाला बोलावून घेतलं. तो आला, उभ्याउभ्या सगळं ऐकलं, "लेखी द्या" म्हणाला. डॉक्टरांनी लिहून दिलं. त्यानं कागद घडी घालून खिशात टाकला आणि गेला. बहिणीजवळ त्यानं पुन्हा माहेरचं नाव काढलं नाही, एवढं तिच्याकडून कळलं.

तिनं मला परत येऊ दिलं, एका अटीवर. "ते तीन शब्द इचारू नगा. लाजत्यात ते." मी तक्त्यात तो रकाना मोकळा ठेवला. वरिष्ठांनी कारण विचारलं, तेव्हा कुटुंबाचा नकार असं लिहिलं.

अभ्यास संपला तेव्हा तो होता तसाच होता. ती मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली होती आणि त्यालाही सोबत नेत होती. तो मागांच्या आवाजात दिवसभर शांत बसतो, म्हणाली. नव्या अभ्यासाचे फॉर्म आता माझ्या टेबलावर आलेत. परवापासून सह्या घ्यायच्या आहेत.