पासवर्ड बदलू नका

जुळे सोलापुरातली ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावरच्या लूटमारीत आरोपींच्या मागे कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत गेलो. पण निवृत्तीनंतर कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हणालं की मी हीच सांगतो. हिच्यात रक्त नाही, पाठलाग नाही. टीव्हीच्या मागं खोचायची एक बोटभर स्टिक आहे, आणि एका बाईची भाकरी आहे.

त्या वेळी मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. होटगीला रेल्वेत गँगमन असलेल्या माणसाचा मी मुलगा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन उतरलेला पहिला. हे मी अभिमानानं सांगतो. शिक्षणानं मला एक सवय लावली. जे कळत नाही ते सरळ विचारायचं, लाजायचं नाही.

फिर्याद दिली ती एका निवृत्त शिक्षकानं. नवरा-बायको दोघंच राहत. पुण्याला मुलीकडं आठवडाभर राहून परत आले, तर कपाटातल्या पाटल्या, मोहनमाळ आणि अंगठ्या गायब. दाराचं कुलूप शाबूत, कपाटाचं कुलूप शाबूत. म्हणजे चोर किल्लीनं आला आणि किल्लीनं गेला.

"किल्ल्या कुणाकडं होत्या?" मी विचारलं.

घराच्या किल्ल्या दोन ठिकाणी होत्या. एक धुणीभांडी करणाऱ्या अक्काकडं, कारण परत यायच्या आदल्या दिवशी तिनं घर झाडून-पुसून ठेवायचं होतं. दुसरी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडं. घर बंद असलं तरी देवापुढं संध्याकाळी दिवा लागला पाहिजे, म्हणून शेजारीण रोज खाली येऊन दिवा लावी. आमच्याकडं बऱ्याच घरांत ही पद्धत आहे.

"आणि कपाटाची किल्ली?"

शिक्षकांच्या बायकोनं मान खाली घातली. "देवघराच्या खणात असते. वाती आणि काडेपेटीजवळ."

म्हणजे दिवा लावणाऱ्याच्या हाताला कपाटाची किल्ली आपोआप लागत होती. मी तसं बोलून दाखवताच शिक्षक चिडले.

"साहेब, त्यांच्याकडं आम्ही आमचा देव सोपवून जातो. त्यांच्यावर संशय घेऊ नका. बाईला उचला, दोन तासांत कबूल होईल."

अक्का ही पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली. नवऱ्याचा माग बंद पडला तेव्हापासून ती त्या कॉलनीत घरकाम करत होती. बाई माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावून बसवून ठेवायचं नाही, तिचा जबाब तिच्या घरी घ्यायचा, हा कायदा आहे. म्हणून महिला शिपाई आणि आमचे हवालदार यांना घेऊन मी तिच्या घरी गेलो. जीप गल्लीत शिरली तशी सगळी दारं उघडली. याचा अर्थ माझ्या डोक्यात त्या वेळी आला नाही, नंतर आला.

"मी कपाटाला हात बी लावत न्हाय साहेब," ती म्हणाली. "पुसताना सुद्धा मॅडम समोर उभी राहते की."

"किल्ली कुणाला दिली होतीस?"

"कुणाला देऊ? कमरंलाच हाय." तिनं कनवटीला लावलेली किल्ली दाखवली. "साहेब, तुमी येऊन गेला की माझी घरं सुटणार. माझ्या नवऱ्याला दम्याचं औषध कुटनं आणू?"

घराची झडती घेतली. काही मिळालं नाही. एका खोलीत पलंग, शिवणयंत्र आणि जुना, पाठीला कुबड असलेला डबा टीव्ही. परत येताना हवालदार म्हणाले, "साहेब, बाईच हाय. रडली का न्हाय बघा. निगरगट्ट."

मी म्हणालो, "रडली असती तर म्हणाला असता, नाटक करतीय."

पोलिसात अनेक वर्षं घालवलेल्या माणसाला चेहरा वाचता येतो असा समज असतो. मला तो कधी नव्हता. चेहऱ्यावर कुणाचाच गुन्हा लिहिलेला नसतो.

अक्काचं म्हणणं मात्र खरं ठरलं. त्याच आठवड्यात कॉलनीतल्या सगळ्या घरांनी तिला बंद केलं. कुणी म्हणालं, आम्ही धुण्याचं मशीन घेतलं. कुणी सरळ सांगितलं, पोलीस केसचा निकाल लागू दे, मग बघू.

आणि मग शिक्षकांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला.

"साहेब, एक विचित्र गोष्ट आहे. मी दिवाळीत आईबाबांच्या घरी वायफाय घेऊन टीव्हीला एक स्टिक लावून दिली होती. नेटवरचे सिनेमे-मालिका बघायला. खातं माझंच आहे. आज मी माझ्या मोबाईलवर उघडलं, तर अर्धवट बघितलेल्या सिनेमांच्या रांगेत असे सिनेमे आहेत जे आमच्या घरात कुणी बघणार नाही. नुसती मारामारी. आईला विचारलं, तर ती म्हणते आम्ही ते कधी लावतच नाही. बाबांनी टीव्हीमागं हात घालून पाहिलं. स्टिक नाहीच तिथं!"

दोघं म्हातारे केबलवर बातम्या आणि मालिका बघत. स्टिक गेल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. रिमोट दिसला नाही तर त्यांना वाटलं, असेल कुठंतरी.

"मी लगेच पासवर्ड बदलते," मुलगी म्हणाली.

"पासवर्ड बदलू नका," मी जवळजवळ ओरडलोच. "त्याला बघू द्या. पोटभर बघू द्या."

मुलीचा पुरवणी जबाब घेतला आणि ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही अशी शिक्षकांना ताकीद दिली. हवालदारांनी सिनेमांची यादी पाहिली आणि मांडीवर थाप मारली.

"बघा साहेब! सगळे तेलुगू सिनेमे. मी म्हणलो नव्हतो?"

"हवालदार, सिनेमा तेलुगू आहे, पण बघणाऱ्यानं आवाज हिंदी लावलाय. जिची बोली तेलुगू, ती आपल्या भाषेतला सिनेमा हिंदीतून कशाला बघेल?"

"व्हय की," ते म्हणाले आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

माझ्याही घरी तेव्हा हाच विषय पेटलेला होता. सौभाग्यवतींना केबल नको झाली होती, मुलाला अमुक कंपनीचं पॅकेज हवं होतं, सुनेला तमुक. कुठली स्टिक, कुठला बॉक्स, कुणाचं खातं, काही ठरत नव्हतं. म्हणून ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार मुस्लिम, शहरात दोन दुकानं असलेला, माझा जुना मित्र.

"साहेब, पैले टीवी के पीछे देको," तो म्हणाला. "ये चपटा भोक है तो स्टिक चलेगी. डबा टीवी को नक्को, पैसा पानी में."

अक्काचा कुबडाचा टीव्ही माझ्या डोळ्यांपुढं आला.

"और दुसरी बात. घर में वायफाय है ना? नेट के बगैर ये काडी है, दात कोरने की. एक बार वायफाय का नाव-पासवर्ड डाले, फिर ये भूलती नई. जब भी चालू करो, अपने आप उसी को पकडती."

"आणि दुसऱ्या घरी नेली तर?"

"तो उधर का नया पासवर्ड डालना पडता."

मी काउंटरवरचा चहा तसाच ठेवला. चोराकडं स्टिक चालत होती. त्यानं नवा पासवर्ड टाकला असेल, हे शक्य होतं. पण दुसरंही शक्य होतं, की स्टिकला नवा पासवर्ड लागलाच नव्हता. ती अजूनही शिक्षकांच्याच नेटवर चालत होती. आणि वायफाय कुठवर जातं? भिंतीपलीकडं. मजलाभर वर.

मुलीला फोन करून वायफायच्या यंत्राला काय काय जोडलेलं आहे ते बघायला सांगितलं. तिनं मोबाईलमधून पाहिलं. बाबांचा फोन, आईचा फोन, आणि त्या संध्याकाळी सुरू असलेली ती स्टिक! चोरीला गेलेली वस्तू इमारतीबाहेर गेलीच नव्हती.

वरच्या मजल्यावर दोघंच राहत. शेजारीण साधी बाई. नवरा जमिनीचे आणि फ्लॅटचे व्यवहार जुळवून देणारा. कॉलनीत कुणाला गाडी घ्यायची, पंखा घ्यायचा, डॉक्टर निवडायचा, हा सल्ला देणार. घटनास्थळाच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही त्याचीच होती. त्यामुळं चोरीच्या मालात स्टिकचा उल्लेख नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. शेजारणीकडून सहज काढून घेतलं की मधले दोन दिवस ती बार्शीला माहेरी गेली होती. ते दोन दिवस दिवा नवऱ्यानं लावला होता.

झडती घेता आली असती. पण स्टिक खिशात मावते, संडासात टाकून पाणी सोडलं की पुरावा गेला. ती चालू असताना पकडायची होती. आणि त्याच्या तोंडून हवं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी साध्या कपड्यात त्याच्याकडं गेलो. हवालदार खाली शिक्षकांच्या हॉलमध्ये, माझ्या खिशातल्या चालू फोनवरून वरचं बोलणं ऐकत बसले होते. मी खोकलो की वायफायचं बटण बंद करायचं, एवढं ठरलेलं.

"या साहेब! सापडला का माल? बाई कबूल झाली?"

"होईल हो. आज तुमच्याकडं घरगुती कामाला आलोय. बायको केबल काढा म्हणते. तुम्हाला यातलं कळतं असं सगळे म्हणतात."

त्याचा चेहरा उजळला. तीस वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिलं. माणूस गुन्हा लपवू शकतो, पैसा लपवू शकतो. आपल्याला कळतं हे त्याला लपवता येत नाही.

"केबल म्हणजे आता बैलगाडी, साहेब. बॉक्सही नको. स्टिक घ्या. हे बघा." त्यानं रिमोट उचलला. पडद्यावर मारामारी सुरू झाली.

"वा! याला वेगळं नेट घ्यावं लागतं का?"

"छे! लोक फसतात. मी काहीच घेतलं नाही. लावली, सुरू झाली. सगळं आतच भरलेलं असतं."

"आणि खातं? महिन्याचे पैसे?"

"एकदा घेतली की झालं. मित्रानं दुबईहून पाठवली."

मी खोकलो.

नायकाची उडी हवेतच अडकली. पडद्यावर गोल फिरायला लागलं. त्यानं रिमोट दाबला, झटकला, उठून टीव्हीमागं हात घातला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, कधीकधी... गरम होते."

"गरम नाही झाली. खाली तुमच्या शेजाऱ्यांचं नेट मी बंद करायला लावलंय. चालू करू का? बघा, परत येतं की नाही."

तो खुर्चीत बसला. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी बार्शीला होते तेव्हा देवापुढं दिवा तरी लावलात का?"

त्यानंतर मला आणखी काही विचारावं लागलं नाही. त्यानं दागिने गॅलरीतल्या कूलरमध्ये, वाळ्याच्या जाळीमागं ठेवले होते. थंडीचे दिवस, कूलरला कुणी हात लावत नव्हतं. दोन नवे पंच बोलावून जप्ती पंचनामा केला. स्टिकवरचा क्रमांक मुलीनं जपलेल्या खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळला. चोरी का केली ते त्यानं सांगितलं, ते न्यायालयापुढं आलं, इथं लिहायची गरज नाही.

शिक्षक ठाण्यात येऊन आभार मानायला लागले. मी म्हणालो, "आभार राहू द्या. अक्काला निरोप पाठवा."

निरोप गेला. पण अक्का त्यांच्याकडं गेली नाही. ती माझ्याकडं आली, ठाण्यात, स्वतःच्या पायानं, आणि टेबलासमोर उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"साहेब, माझ्या दारात जीप घेऊन आला तेव्हा सगळ्यांनी बघितलं. आता मी एकटीनं जाऊन 'मी चोर न्हाय' म्हणलं तर कोण ऐकणार? तुमी परत जीप घेऊन या. आदी माझ्या गल्लीत. मग कॉलनीत."

हवालदार माझ्याकडं बघायला लागले. असलं काम कुठल्या नियमात नाही. मी टोपी घातली.

तिच्या गल्लीत जीप उभी केली, खाली उतरलो आणि मोठ्यानं सांगितलं की या बाईचा त्या चोरीशी काही संबंध नाही, खरा आरोपी अटकेत आहे. मग कॉलनीत गेलो. ज्या ज्या घरानं तिला बंद केलं होतं, त्या प्रत्येक दारावर बेल वाजवली. ती माझ्या शेजारी उभी. एका ठिकाणी बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, आम्ही कुठं काय म्हणालो?"

अक्का म्हणाली, "म्हणाला न्हाई. नुसतं दार लावला."

त्यातल्या बहुतेक घरांनी तिला परत बोलावलं. कुठं जायचं आणि कुठं नाही, ते तिनं ठरवलं.

माझ्या घरी शेवटी स्टिक आली. खातं एकच घेतलं, पासवर्ड माझ्याकडं आणि केबल सौभाग्यवतींच्या मालिकांसाठी तशीच. लोक मला विचारतात, कुठली घ्यावी? मी सांगतो, आधी टीव्हीची पाठ बघा, मग घरात कोण काय बघतं ते बघा, मग पैसे टाका. आणि खात्यात अनोळखी काही दिसलं तर गोंधळू नका. आधी पोलिसांना सांगा.

पण मला या केसनं शिकवलं ते वेगळंच. आरोपी मिळाला, माल मिळाला, दोषारोपपत्र गेलं की तपास संपला असं आम्ही धरून चालत होतो. ज्याच्या दारात आम्ही संशय घेऊन गेलो, त्याच्या घरची चूल आमच्या जीपनं विझते, आणि ती पेटवायला कुठलंच कलम नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी हेच सांगत आलो. निरपराध ठरलेल्या माणसाकडं परत जायचं. तीच गाडी, तोच गणवेश, आणि भरदिवसा.