जपानी पातळाची घडी

पाच वर्षांनी माहेरी जायचं ठरलं तेव्हा यांनी माझं बोटीचं तिकीट काढलं आणि मी आईसाठी पातळ घेतलं. मोंबासाच्या बाजारातलं मोतिया रंगाचं जपानी रेशीम, चांगलं नऊवारी. पाच वर्षांत मी आईला नुसती पत्रंच दिली होती. अंधेरीला रिकाम्या हाताने जाणं मला जड गेलं असतं.

डेकचं तिकीट स्वस्त पडतं, पण मुलाबाळांबरोबर असाल तर केबिनच घ्या. लिंबाचं लोणचं जवळ ठेवा. बोट लागली की तेच कामाला येतं. मला पहिले तीन दिवस लागली. मग भूक लागली आणि मग घर आठवायला लागलं.

मुंबई दोन दिवसांवर आली तसा बोटीभर एकच विषय सुरू झाला, कस्टम. नियम तसा सोपा आहे. वापरातल्या वस्तूंना माफी; कोऱ्या वस्तू ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की जकात. त्यामुळे नवं जुनं करायचा कारखानाच निघाला. पुरुष करकरीत बूट घालून डेकवर फेऱ्या मारत होते. एकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती.

माझ्या केबिनमधल्या सामंतकाकू मालाडला लेकाकडे निघाल्या होत्या. पातळ बघून म्हणाल्या, "अगो, एकदा नेस आणि पेटयेत टाक. मगे कोण इचारता?"

"आईचं आहे काकू. घडी तिनेच मोडायला हवी."

"मग भर पैसे," म्हणून त्या कुशीवर वळल्या.

धक्क्यावर उतरल्यावर सामानाची यादी हातात असू द्या, निम्मा वेळ वाचतो. माझी पेटी उघडली आणि अधिकाऱ्याचा हात नेमका पातळावर थांबला. मराठीच माणूस होता.

"बाई, एकदा तरी नेसलात ना?"

तो मला वाट काढून देत होता, हे कळत होतं. तरी मी म्हटलं, "नाही."

"बोटीवर?"

"नाही हो."

त्याने उसासा टाकून पावती फाडली आणि पेटीवर खडूने फुली मारली. घरापर्यंत टॅक्सी करायचे पैसे त्या पावतीत गेले. बाहेर अप्पा, माझे वडील, उभे होते. आम्ही दुपारच्या गाडीने अंधेरीला गेलो आणि पुढे टांगा केला. 

आई दारात होती. फाटलेला भाग कापून, जोड शिवून दंड घातलेलं विटकं लुगडं नेसलेली. तिने पातळावरून हात फिरवला, देवापुढे ठेवून कुंकू लावलं आणि माझ्याच हातात दिलं. "घे, नेस."

"तुझं आहे ते!"

"म्हणूनच. माझ्या पातळांची घडी कोण मोडायचं गं?"

मीच मोडायची. कळायला लागल्यापासून आईचं प्रत्येक कोरं पातळ आधी मी अंगाभोवती गुंडाळून घरभर मिरवायची, मग ती नेसायची. परदेशात मी हे चक्क विसरले होते. तिने ट्रंक उघडली. मामाने भाऊबीजेला दिलेली पाच लुगडी, पाच वर्षांची, घडीसुद्धा न उलगडलेली.

"शेजारची सुमन नेसते म्हणाली होती," अप्पा म्हणाले. "हिने दिलं नाही."

मला रडू आवरेना. आईने मात्र चहा टाकला.

दोन महिन्यांच्या मुक्कामात मी आधी ती पाचही नेसले. निघायच्या आदल्या दिवशी सहावं, जपानी, काढायला गेले तर आईने ते हातातून घेतलं आणि ट्रंकेत ठेवलं. म्हणाली, "हे पुढच्या खेपेला."

आता मोंबासात कुणी मायदेशी निघालं की मला कस्टमचे नियम विचारतात. मी सगळे सांगते. माझी पुढची खेप चार वर्षांनी आहे. आईच्या वयात चार मिळवायला जाते आणि मध्येच थांबते.